शिळं म्हणजे किती तासांचं

कागद इंग्रजीत होता, म्हणून तो वाचायचं काम माझ्याकडे आलं. वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात बायकोच्या पहिल्या किमोच्या दिवशी नर्सनं तो हातात दिला. काय खावं, काय खाऊ नये, ताप आला तर काय करावं, असा सगळा मजकूर. पुलगावच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेला मी माणूस. वाटलं, चला, आपली विद्या एकदाची घरच्या माणसाच्या कामाला आली. चष्मा लावला आणि एकेक ओळ तिला मराठीत सांगू लागलो. साल काढल्याशिवाय फळ नको. कच्च्या कोशिंबिरी नकोत. उघड्यावरचं नको. पाचव्या ओळीत लिहिलं होतं, स्टेल अन्न टाळा.

“हे स्टेल म्हंजे काय जी?” तिनं विचारलं.

“शिळं.”

“असं. शियं.” तिचं माहेर रोहण्याचं. तिकडच्या बोलण्यात शिळं हे शियं होतं, आणि चौतीस वर्षं मास्तराच्या घरात राहूनही तिनं ते सोडलं नाही. मग म्हणाली, “किती वेळाचं शियं?”

मी चिडलो. मला चिडायला फार काही लागत नाही. “शिळं म्हंजे शिळं! त्याले काय घड्याळ असते का?” असं बोलून गेलो खरा, पण प्रश्न अगदी रास्त होता. तीस वर्षांत एकाही पोरानं मला तो विचारला नव्हता. मी फळ्यावर लिहायचो, फ्रेशच्या विरुद्ध स्टेल. पोरं वहीत उतरवायची, परीक्षेत एक गुण मिळवायची, विषय संपला. स्टेल ब्रेड, स्टेल न्यूज, स्टेल जोक. ब्रेड नक्की कुठल्या घटकेला शिळा होतो हे ना त्यांना ठाऊक, ना मला.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, “दोन तास, काका. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत खायचं. त्यात उन्हाळा आहे, म्हणून जास्त जपा. दहाव्या-अकराव्या दिवशी यांच्या पांढऱ्या पेशी खूप खाली जातील. तेव्हा एरवी काहीच न करणारा जंतूसुद्धा जड जातो. ताप शंभराच्या वर गेला तर घरी गोळी देत बसू नका, लगेच इथे आणा.” मी ते सगळं कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. जड जातो या शब्दांखाली दोन रेघा मारल्या.

बायकोला ते काही पटलं नाही. बाहेर आल्या आल्या म्हणाली, “दोन तासात शियं? मंग त आपलं सारं गावच शियं खाते. वावरात जानारा मानूस सकायची शिदोरी दुपारी दीडले सोडते.”

“गाव मोठं का डॉक्टर मोठी?”

“डॉक्टर मोठी. म्या काही म्हटलं का?” म्हणाली, पण तिच्या आवाजात होकार नव्हता.

ऑपरेशनच्या वेळी लेक पुण्याहून येऊन महिनाभर राहिली होती. तिची रजा संपली, ती गेली आणि स्वयंपाकघर माझ्या अंगावर आलं. बाई लावा, बाई लावा, म्हणून लेक रोज फोनवर मागे लागायची. पण परक्या बाईच्या हातावर, तिच्या घरच्या सर्दी-खोकल्यावर माझा भरवसा बसेना. बाहेरच्यांची ये-जा कमी ठेवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी ते इतकं मनावर घेतलं की शेजारीण लोणचं घेऊन आली तर तिला फाटकातूनच परत पाठवलं. आमच्या नाचणगावात असं कुणी करत नाही. ती बिचारी अजूनही माझ्याशी तुटक बोलते.

तर एकसष्टाव्या वर्षी मी ज्वारीची भाकर करायला शिकलो. बायको स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची आणि मी परातीशी झटायचो. पानी उकयतं घ्या. पीठ रगडा, अजून रगडा. कडा फाटून राह्यल्या, बोटं ओली करा. पहिल्या आठवड्यात एक भाकर धड गोल झाली नाही आणि फुगली तर मुळीच नाही. बायको हसायची नाही. हसली असती तर मला बरं वाटलं असतं. नुसती बघत राहायची आणि म्हणायची, “जमते, जमते.” पुढच्या पंधरा दिवसांत तिच्या डोक्यावरचे केस गेले. पदर डोक्यावर घट्ट ओढून ती बसलेली असायची आणि मला तिच्याकडे नीट बघवायचं नाही.

वेळेचं तर मी वेडच घेतलं. प्रत्येक पातेल्याखाली कागदाची चिठ्ठी. वरण, सव्वाअकरा. दोडक्याची भाजी, अकरा चाळीस. दोन तास झाले की उरलेलं सगळं बाहेर. बाहेर वैशाखाचं ऊन, आत कूलर गरमच हवा फेकतोय, आणि मला वाटायचं अन्न आपल्या डोळ्यांदेखत नासत चाललंय. झाकण काढून वास घ्यायचो, पुन्हा घ्यायचो. इतक्यांदा वास घेतला की चांगल्या वरणालाही मला आंबूस वास यायला लागायचा. तिला जरा घाम दिसला की मी थर्मामीटर घेऊन हजर. दिवसातून आठ-आठ वेळा. एकदा वैतागून ती म्हणाली, “तुम्ही मले जपून राह्यले का त्या वरनाले?”

जेवायला आम्ही बरोबर बसायचो, पण पहिला घास तिनं कधी माझ्याआधी घेतला नाही. सगळ्या भाकरी करून टोपल्यात रचून झाल्या की मग बसायचं. टोपल्यात हात घालताना ती वरच्या भाकरी उचलून तळची काढून घ्यायची, वरच्या मला ठेवायची. मला ते दिसत होतं. मला वाटायचं तिला मऊ पडलेली आवडत असेल. आता दात नाजूक झाले असतील, असंही वाटलं. किती सोयीचं वाटतं माणसाला!

एक गोष्ट मात्र मी कागदाबाहेरची करत होतो आणि ती मला चूक वाटतच नव्हती. आमच्या घरात भाकरीचं टोपलं रात्री रिकामं ठेवत नाहीत. चार भाकरी लागत असतील तर पाच करायच्या आणि पाचवी फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवायची. आई होती तोवर ती बघायची, मग बायकोनं चालवलं. टोपलं रिकामं राहिलं की घरातलं माणूस कमी होतं, असं आई म्हणायची. मी पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारा मास्तर. यावरून आईला मी मनसोक्त चिडवलंय. पण भाकरी माझ्या हाती आल्या त्या पहिल्याच संध्याकाळी मोजून चार केल्या, टोपलं झटकून उपडं घालायला गेलो आणि हातच थांबला. घरात माणसं दोनच. त्यातलं कुठलं कमी होणार हे काय सांगायला हवं होतं? पुन्हा परात काढली, पाणी उकळलं, एक भाकर केली आणि फडक्यात गुंडाळून ठेवली. त्यानंतर एकही दिवस चुकवलं नाही.

सकाळी टोपलं रिकामं असायचं. त्या भाकरीचं पुढं काय होतं हा प्रश्न मला पडला नाही, कारण त्याचं उत्तर मला लहानपणापासून माहीत होतं. ती सकाळी गाईला जाते.

दुसऱ्या किमोला आम्ही पहाटेच निघालो. तिथं पाच-सहा तास नुसतं बसायचं असतं. ती आरामखुर्चीत, हाताला सुई, वर बाटली. मी शेजारी स्टुलावर. बाटलीतले थेंब मोजून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मी मोबाइल काढला आणि तो शब्द शोधत बसलो. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. भ्यालेल्या माणसाला काहीतरी चाळा लागतो. तीस वर्षं जो शब्द मी एका गुणाला विकला, त्याची जन्मकथा तरी बघू, म्हटलं.

आणि बघतो तर काय, शब्द मुळात चांगला होता! जुन्या काळी तिकडे घरोघरी जवाची दारू करायचे. ती ताजी असताना गढूळ. तशीच उभी ठेवली की गाळ खाली बसायचा आणि वर नितळ, मुरलेली, कडक दारू मिळायची. अशा दारूला स्टेल म्हणायचे. स्तुती होती ती. मुळाशी अर्थ उभं राहण्याचा. आपण ज्याला स्टॉल म्हणतो तोही याच कुळातला, उभं राहायची जागा. पुढं कधीतरी लोकांचं मन फिरलं. जे फार वेळ राहिलं ते उतरलं, असं वाटायला लागलं. मग तोच शब्द पावाला लागला, पाण्याला लागला, त्याच त्या विनोदाला लागला, सराव करून करून थकलेल्या खेळाडूलाही लागला.

माझ्यातला मास्तर जागा झाला. महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी सांगण्यासारखं मिळालं होतं. मी तिला सगळं सांगितलं, हातवारे करून. दारूबंदीच्या जिल्ह्यात, दवाखान्यात बसून, मी बायकोला दारूचं कौतुक सांगत होतो. मग म्हटलं, “अजून एक गंमत आयक. घोड्याच्या मुतालेही इंग्रजीत हाच शब्द आहे.”

“घोडा उभ्यानं मुतते म्हून?”

“असंच काहीतरी म्हणतात. खरं-खोटं कोणाले माहीत.”

ती हसली. अशी हसली की सुईचा हात हलला आणि नर्स धावत आली. “काकू, हात नका हलवू!” बायकोच्या डोळ्यांत पाणी, पदर तोंडाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ऑपरेशनपासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. मला ते अजून हवं होतं, म्हणून मी बोलतच राहिलो.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, “म्हंजे ठेवल्यानं वस्तू चांगली होते, हे त्यायलेही ठाऊक होतं त.”

“होतं ना! नंतर त्यायनं अर्थ बिघडवला.”

“तेच म्हटलं,” ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला वाटलं, माझ्या शिकवण्याचं आहे.

दुसऱ्या किमोनंतरचा तो अकरावा दिवस. सकाळचे सात वाजले असतील. मी दूध तापवत होतो आणि ती मागच्या पायरीवर बसली होती. चहा द्यायला गेलो तर चेहरा लालबुंद. “उन्हानं झालं,” ती म्हणाली. पण ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलंच नव्हतं. थर्मामीटर लावला. एकशे एक. झटकून पुन्हा लावला. एकशे एक आणि दोन रेघा वर.

गाडीवाल्याला फोन लावताना नंबर सापडेना, आणि तो तर भिंतीवर मोठ्या अक्षरात मीच लिहून ठेवला होता. गाडी आली, आम्ही बसलो, पुलगाव मागे पडलं आणि मग माझी जीभ सुटली. “काय खाल्लं तू? सांग! बाहेरचं काही? शेजारणीनं काही दिलं?” ती मान टेकून डोळे मिटून बसलेली. “तुम्ही देता थेच,” म्हणाली. मग मी मनातल्या मनात कालचं एकेक पातेलं तपासत गेलो. वरण सव्वाअकरा. भात साडेअकरा. संध्याकाळची भाजी सात पाच. पाणी उकळलेलं. परात धुतलेली. हात साबणानं. चूक कुठं झाली? माझ्या हातून कुठं झाली? वर्धा येईपर्यंत मी तिचा हात धरून तेच तेच मोजत होतो, आणि हात तापत चालला होता.

दवाखान्यात लगेच आत घेतलं. रक्त काढलं, सलाईन लावलं. त्याच डॉक्टरीणबाई आल्या. “पेशी अगदीच खाली आहेत, काका. अँटिबायोटिक सुरू करतोय. काल-आज काय काय खाल्लं यांनी?”

मी वर्गात उभं राहून पाठ म्हणावं तसं सगळं वेळांसकट सांगितलं. त्या मान हलवत होत्या. “आणि आज सकाळी?”

“आज काहीच नाही. चहासुद्धा घेतला नाही.”

“भाकर खाल्ली,” बायको म्हणाली. डोळे मिटलेलेच.

“कोणती भाकर?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“टोपल्यातली. रातची. ताकात कुस्करून.”

“आजच?”

“रोजच खातो मी. हे उठाच्या आधी.”

डोक्यात तिडीक गेली आणि मी ओरडलो, “ती भाकर गाईची आहे!” पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा नवरा उठून बघायला लागला.

बायकोनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. “कोनती गाय जी?”

गाय आम्ही विकली त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. लेक बारावीला होती तेव्हा. घेणाऱ्याच्या हातात दावं मीच दिलं होतं, आणि त्या दिवशी जेवलो नव्हतो हेही मला आठवतं. गोठा पाडून तिथं मोटारसायकल ठेवायला पत्र्याचं शेड केलं, तेही मीच. पण भाकर गाईला जाते, हे माझ्या डोक्यात तसंच राहिलं. इतक्या वर्षांत रोज सकाळी टोपलं रिकामं होत होतं आणि घरात तर गाय नव्हती. ही साधी वजाबाकी मला जमली नाही.

“गाय होती तवाही मीच खाऊ,” ती हळूहळू सांगत होती, माझ्याकडे न बघता, डॉक्टरीणबाईंना. “गाईले कोंडा-ढेप भेटे. आमच्या सासूबाईनं पयल्याच दिवशी सांगितलं, घरच्या बाईनं आधी शियं संपवाचं, मंग ताज्याले हात लावाचा. त्याही तसंच करत. त्यायच्यानंतर मी.”

म्हणजे आईसुद्धा. मी त्या दोघींच्या हातचं ताजं, गरम खाऊन शाळेत जात होतो आणि फळ्यावर शिळ्याला इंग्रजी शब्द लिहीत होतो. लाज वाटली. पण खरं सांगतो, त्या घडीला लाजेपेक्षा राग जास्त होता, आणि रागापेक्षा भीती.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी बायकोवर पुन्हा डाफरलो, आता दबक्या आवाजात. “तुले सांगितलं होतं ना शिळं नको म्हणून? कागदावर होतं. मी वाचून दाखवलं होतं!”

“तुम्हीच त म्हणे, तो शब्द आधी चांगला होता म्हून.”

मी स्टुलावर बसलो. तिनं माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाली, “आन फेकू कशी? तुम्ही केली होती. बोटं भाजून घेऊन केली होती. फेकलेली दिसली असती त तुमच्या मनाले लागलं असतं.” मग पुढं, “पन मले एक सांगा. ताजं-ताजं करून राह्यले होते तुम्ही, चिठ्ठ्या लावून राह्यले होते, तं मंग ते एक भाकर ठेवत काऊन होते?”

खोटं बोलता आलं असतं. सवय म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण तोंडातून खरंच निघालं. “टोपलं रिकामं राह्यलं तर तू जाशील म्हणून.”

एवढं बोललो आणि माझा बांध फुटला. एकसष्ट वर्षांचा माणूस, वॉर्डात सगळ्यांसमोर, रुमाल तोंडात कोंबून रडलो. तिचा सुई लावलेला हात माझ्या गुडघ्यावर आला. “उगे राहा,” ती म्हणाली. “लोक पाहून राह्यले.”

पुढचे पाच दिवस ताप चढत-उतरत होता. मी डॉक्टरीणबाईंना रोज एकच विचारायचो. भाकरीनंच झालं का? त्या दर वेळी सांगायच्या, “सांगता येत नाही, काका. पेशी इतक्या कमी असताना ताप कशानंही येतो. कधी स्वतःच्याच शरीरातल्या जंतूनं येतो. भाकरीनं आलाही असेल, नसेलही.” माझी सुटका व्हावी म्हणून त्या तसं सांगत असतील, पण मला त्यात सुटका सापडली नाही. नक्की माझीच चूक आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी ती डोक्यावर घेऊन बसलो असतो. हे आलाही असेल, नसेलही, याचं काय करायचं? बुद्धिबळात राजाला शह तर नसतो, पण हलायला घरही नसतं, आणि डाव तिथंच अडकतो. इंग्रजीत त्यालाही या शब्दाचाच तुकडा जोडून नाव आहे, स्टेलमेट. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होतो तसाच, हलायला घर नसलेला.

सहाव्या दिवशी ताप गेला, तो परत आला नाही. पेशी वाढायला लागल्या. आठव्या दिवशी घरी सोडलं. तिसरी किमो पुढं ढकलली होती. आठवड्यानं रक्त तपासायचं, आकडा बरा आला तरच द्यायची, नाहीतर आणखी पुढं. आणि अशी पुढं पुढं जात राहणं चांगलं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही.

घरी आल्यावर मी भाकरी मोजून करायला लागलो. पहिल्या संध्याकाळी टोपलं धुऊन, पुसून, उपडं घातलं. आईची क्षमा मागितली की आईवर चिडलो, ते मला नीट सांगता येत नाही, दोन्ही असेल. बायको दारात उभी राहून बघत होती. तिलाही ते जड गेलं हे मला दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंही उठलो, एकमेकांकडे बघितलं आणि चहा प्यालो.

रक्त तपासायला जायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. आकडा काय येईल, एवढंच डोक्यात. तवा तापला, पहिली भाकर झाली. त्या दिवशी बरी फुगली. ती टोपल्यात न टाकता मी तव्यावरून उचलली आणि थेट तिच्या ताटात ठेवली.

“हे काय? तुम्ही बसा आधी. साऱ्या होऊ द्या.”

“नाही. तू खा. मी करतो.”

“मी एकटी? तुम्ही उभे अन मी खाऊ?”

“खा म्हटलं ना!” मी ओरडलोच. कधी सुधारणार मी, देव जाणे.

तिनं भाकर मोडली. वाफ निघाली, तिनं बोट झटकलं आणि “पोयते वं माय!” म्हणाली. जवसाच्या चटणीशी पहिला घास घेतला. मी तव्याकडे तोंड करून दुसरी थापत होतो. मागून काही आवाज येईना. मला धास्ती वाटली, ओकारी आली की काय. वळून पाहिलं तर ती घास तोंडात धरून नुसती बसली होती आणि डोळे वाहत होते.

“काय झालं? दुखते का काही?”

तिनं मान हलवली. घास गिळला. “आईकडं होतो तवा खाल्लती अशी, चुलीपाशी बसून. लगनानंतर नाई. अशी लागते हे विसरलोच होतो मी.”

मी पुन्हा तव्याकडे वळलो, कारण दुसरीकडे कुठं बघावं ते कळेना. चौतीस वर्षं तिनं दिवसातून दोनदा भाकरी केल्या. त्यातली एकही तिच्या ताटात गरम पडली नाही, आणि मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो. दुसरी भाकर दिली. तीही तिनं खाल्ली. महिनाभरात तिला दोन भाकरी गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. माझ्या वाटणीच्या दोन उरल्या होत्या. त्यातलीही एक तिच्या ताटात टाकली. तिनं ती पाहिली आणि नवऱ्याच्या वाटणीची आहे हेही विसरून खाऊन टाकली.

“अजून एक टाकता का?” तिनं विचारलं.

परातीत उरलेला गोळा थापून टाकला, तोही तिनंच खाल्ला. पीठ संपलं. मी डब्यातून पुन्हा पीठ काढलं आणि पाणी उकळायला ठेवलं. गॅस मोठा केला. पाणी लवकर उकळेना म्हणून पातेल्यावर झाकण दाबून धरलं.

“होऊ द्या सावकाश,” ती म्हणाली. “मले काही घाई नाई.”

घाई मला होती. चौतीस वर्षांच्या भाकरी मला तिला द्यायच्या होत्या, आणि उद्या आकडा काय येणार ते कुणालाच माहीत नव्हतं.